खाटेवरून उठताना

खेड्यात म्हातारं माणूस पडलं की त्याचं कारण सहसा कोणी विचारत नाही. "काही नाही, तोल गेला," असं म्हणून बहुतेकदा पडणाराच विषय संपवतो. पडलो म्हणून सांगितलं की उद्यापासून पोरं वावरात जाऊ देणार नाहीत, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे 6 लाख 84 हजार माणसं पडून दगावतात. अपघाती मृत्यूंमध्ये रस्त्यावरच्या अपघातांनंतर याचाच नंबर लागतो. त्यामुळे 'वय झालं' एवढ्या उत्तरावर भागवून चालणार नाही.

सगळ्यात आधी पाहायचा तो खाटेवरून उठण्याचा क्षण. आडवं माणूस उभं राहिलं की साधारण अर्धा ते पाऊण लिटर रक्त पोटाकडे आणि पायांकडे उतरतं. मानेतल्या धमन्यांत आणि हृदयातून निघणाऱ्या महाधमनीत दाबाची खबर ठेवणाऱ्या नसा असतात. दाब उतरल्याचं त्यांना लगेच कळतं, मग हृदय जोरात धावतं, रक्तवाहिन्या आवळतात आणि मेंदूचा पुरवठा टिकतो. तरुणपणी हे आपल्या ध्यानातही येत नाही. वयानुसार ही यंत्रणा मंदावते. उभं राहिल्यापासून 3 मिनिटांत वरचा दाब 20 नं किंवा खालचा 10 नं उतरला, तर डॉक्टर तो दोष धरतात. माणूस मात्र "डोळ्यांपुढं अंधारी आली" एवढंच सांगतं.

आता यात आपला मे महिना मिसळा. चंद्रपूर, अकोला, वर्धा या भागांत पारा 45 च्या आसपास. अंगातलं पाणी घामावाटे जातं आणि म्हातारी संध्याकाळनंतर पाणीच पीत नाही, कारण संडास अंगणाच्या पार टोकाला आणि रात्री उठायची धास्ती. अंगात पाणी कमी की उभं राहिल्यावर दाब जास्तच कोसळतो. म्हणजे ज्या भीतीनं पाणी टाळलं, तीच खरी होते. त्यावर बीपीची, लघवीच्या त्रासाची, झोपेची गोळी असेल तर विचारूच नका. गोळी मनानं बंद करायची नाही, हे आलंच. पण दवाखान्यात बीपी बहुधा बसवूनच मोजतात. आडवं असताना एकदा आणि उभं राहिल्यावर एकदा मोजायला सांगा. त्यासाठी वेगळं यंत्र लागत नाही. घरी करायचं म्हणजे झोपेतून उठल्यावर खाटेच्या काठावर पाय सोडून मिनिट-दोन मिनिटं बसायचं, पावलं वरखाली हलवायची, मग उभं राहायचं आणि चक्कर नाही याची खात्री झाली की पाऊल टाकायचं.

तोल सांभाळायला मेंदू तीन ठिकाणांहून माहिती घेतो: डोळे, आतला कान, आणि पायाच्या तळव्यांतल्या व सांध्यांतल्या नसा. जुन्या मधुमेहात तळवे बधिर होतात, मोतीबिंदूनं नजर धूसर होते. त्यातच रात्री लाइट गेली की डोळ्यांची उरलीसुरली साक्षही जाते. उशाशी टॉर्च हवीच, पण मोतीबिंदू 'पिकायची' वाट पाहत वर्षं काढणं मला अजिबात पटत नाही. ब्रिटनमधल्या एका चाचणीत पहिल्या डोळ्याची शस्त्रक्रिया लवकर केलेल्या वृद्ध स्त्रियांचं पडणं सुमारे एक तृतीयांशानं कमी झालं होतं.

घरंही बदलली. शेणानं सारवलेली जमीन ओबडधोबड, पण पाय धरून ठेवणारी. नव्या घरात गुळगुळीत टाईल्स, न्हाणीत साबणाचं पाणी आणि पायात तळ घासलेली स्लीपर. घर बांधताना गवंड्याकडून न्हाणीत आणि संडासात कंबरेच्या उंचीवर लोखंडी पाईप भिंतीत पक्का बसवून घ्या. काठीच्या बुडाला रबरी बूच हवं. नुसता बांबू टाईल्सवर सटकतो. उजवा गुडघा दुखत असेल तर काठी डाव्या हातात धरायची. बहुतेक जण उलटं करतात. काठी, वॉकर, चष्मा, कमोड खुर्ची यांसाठी 65 वर्षांपुढच्या, कमी उत्पन्नाच्या लोकांना मुख्यमंत्री वयोश्री योजनेत 3000 रुपयांची तरतूद आहे.

मायेचा एक घोटाळाही आहे. "बसा आबाजी, आम्ही आणतो," असं करता करता आबाजींच्या मांड्या वाळत जातात. अमेरिकेतल्या एका अभ्यासात सरासरी 67 वर्षांच्या धडधाकट माणसांना 10 दिवस अंथरुणात ठेवलं, तर पायांतून जवळपास एक किलो मांस घटलं. ठेच लागल्यावर झटकन दुसरा पाय पुढे टाकणारे वेगवान स्नायुतंतू तर वयानुसार आधीच कमी झालेले असतात. "मी रोज वावरात चालतो" हे उत्तर इथे पुरत नाही, कारण नुसत्या चालण्यानं तोल सुधारेलच असं नाही. ताकदीचा आणि तोलाचा व्यायाम लागतो. घरी राहणाऱ्या वृद्धांवरच्या अनेक चाचण्या एकत्र पाहिल्या तर व्यायामानं पडण्याचं प्रमाण सुमारे 23 टक्क्यांनी घटलेलं दिसतं. भिंतीला टेकलेल्या घट्ट खुर्चीवरून, जमेल तसा हाताचा आधार कमी करत, दहा वेळा उठबस करावी. ओसरीचा खांब धरून टाचा उचलाव्या, मग एका पायावर उभं राहून पाहावं. सुरुवातीला शेजारी कोणी तरी असावं.

एवढं करूनही कोणी पडलंच, तर बखोटीला धरून ओढत उठवू नका. एक पाय आखूड दिसत असेल आणि पाऊल बाहेर वळलेलं असेल तर खुब्याचं हाड मोडल्याची दाट शंका घ्या; तेल चोळू नका, हाडवैद्याला बोलावू नका, 108 ला फोन लावा. डोक्याला मार लागला आणि रक्त पातळ करायची गोळी सुरू असेल, तर माणूस ठणठणीत दिसलं तरी त्याच दिवशी दवाखाना गाठा. कवटीच्या आतलं रक्त कधी कधी हळूहळू साचतं. पडून दोन-तीन आठवडे झाल्यावर डोकं दुखणं, बोलण्यात गोंधळ, चालताना एका बाजूला झुकणं सुरू झालं तर त्याला म्हातारचळ समजू नका, आणि डॉक्टरला आधी त्या पडण्याची तारीख सांगा.