मॉनिटर, मोठा : निवड व निकष

संगणकावर रोज काम करणाऱ्याच्या टेबलावर साधारण २७ इंच किंवा त्याहून मोठा पडदा आला, की त्याला मोठा मॉनिटर म्हणतात. हे माप कर्णाचे असते. १६:९ प्रमाणाच्या २७ इंची पडद्याची रुंदी सुमारे ६० सेंमी. भरते, ३२ इंचीची ७१ आणि ४२ इंचीची ९३. नाशिकमध्ये त्याचे गिऱ्हाईक नाना प्रकारचे आहे. अंबड-सातपूरच्या कारखान्यांसाठी साचे व सुटे भाग कॅडवर (संगणकावर आराखडे काढण्याच्या प्रणालीवर) आखणारे, द्राक्षपेट्यांची आणि वाईनच्या बाटल्यांची लेबले तयार करणारे, मुंबई-पुण्याच्या कंपन्यांचे काम घरून करणारे, शिवाय गेम खेळणारी मुले. खरेदीनंतरच्या तक्रारी मात्र दोनच प्रकारच्या. पडदा मोठा झाला पण अक्षर फाटले, किंवा अक्षर सुरेख आहे पण माउस जड चालतो. दोन्ही टाळता येतात, मात्र त्यासाठी इंच सर्वांत शेवटी ठरवावे लागतात.

पिक्सेलची घनता व अंतर

पहिला आकडा पाहायचा तो दर इंचातील पिक्सेलचा, म्हणजे चित्र ज्या ठिपक्यांचे बनते त्यांचा. १९२०×१०८० पिक्सेलचा २४ इंची मॉनिटर इंचाला ९२ पिक्सेल देतो. २५६०×१४४० पिक्सेल २७ इंचांत बसवले तर ही घनता १०९ होते; तेच पिक्सेल ३२ इंचांवर पसरले की पुन्हा ९२. म्हणजे जास्त पैसे मोजूनही अक्षर जुन्या २४ इंचीइतकेच खडबडीत. फोर के म्हणजे ३८४०×२१६० पिक्सेल ३२ इंचांवर १३८ आणि ४२ इंचांवर १०५ घनता देतात.

ही घनता पुरेशी आहे की नाही, ते बसण्याच्या अंतरावर ठरते. निरोगी डोळा अंशाच्या साठाव्या भागाइतका तपशील वेगळा ओळखतो. त्या हिशेबाने १३८ घनतेचे पिक्सेल सुमारे ६३ सेंमी. अंतरावरून एकजीव दिसतात, १०९ चे ८० सेंमी.वरून आणि ९२ चे थेट ९५ सेंमी.वरून. आता घरातले टेबल मोजावे. सुताराकडून करून घेतलेले बहुतेक टेबल दोन फूट खोल असते, त्यातली काही जागा मॉनिटरचा पाय खातो आणि डोळा ते पडदा जेमतेम ५५ ते ६५ सेंमी. उरतात. अशा टेबलावर ३२ इंची फोर के हीच सर्वांत समंजस निवड ठरते. ४२ इंची पडदा तिथे ठेवला तर कोपरे पाहायला दर वेळी मान वळवावी लागते. त्याला अडीच फूट खोल टेबल किंवा भिंतीवरचा आर्म हवा. आर्म घ्यायचा असेल तर मॉनिटरच्या मागे ७५ किंवा १०० मिमी. अंतराची व्हेसा छिद्रे (आर्म बसवण्याची प्रमाणित छिद्रे) आहेत का, आणि आर्म तेवढे वजन पेलतो का, हे आधी पाहावे.

मराठीत काम करणाऱ्याने घनतेबाबत रोमन लिपीवाल्यापेक्षा जास्त काटेकोर असायला हवे. शिरोरेषा, रफार, अनुस्वार आणि एकाखाली एक बसणारी जोडाक्षरे यांना उभ्या दिशेने पिक्सेल लागतात. ‘राष्ट्र’, ‘कर्तृत्व’, ‘द्वंद्व’ हे शब्द ९२ घनतेवर लहान टंकात काळे ठसे होऊन बसतात. दुकानात रंगीत डेमो व्हिडिओ चालू असतो आणि त्यात कोणताही पडदा चांगलाच दिसतो. आपल्या पेन ड्राइव्हवर ११ पॉइंटातला मराठी परिच्छेद न्यावा आणि तो उघडून घरी बसणार तेवढ्याच अंतरावरून वाचावा. ही परीक्षा फुकट आहे आणि माहितीपत्रकापेक्षा जास्त सांगते.

पॅनेल

पॅनेल म्हणजे पडद्याचा चित्र उमटवणारा भाग; आयपीएस, व्हीए आणि ओलेड हे त्याचे प्रकार. आयपीएस पॅनेलचे रंग बाजूने पाहिले तरी फारसे ढळत नाहीत, म्हणून लेबल-छपाईचे काम करणाऱ्यांना ते रुचते. उणीव काळ्या रंगाची, कारण त्याचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे पांढऱ्या आणि काळ्याच्या उजेडाचे गुणोत्तर, साधारण १०००:१ असतो. २०२२ पासून मॉनिटरांत आलेल्या ‘आयपीएस ब्लॅक’ने तो २०००:१ पर्यंत नेला. व्हीए पॅनेल ३०००:१ आणि त्यापुढे जाते, पण त्याचे पिक्सेल गडद छटांमध्ये हळू बदलतात आणि काळ्या पार्श्वभूमीवर काही सरकले की मागे डाग ओढल्यासारखा दिसतो. स्वस्त, वक्र, मोठे मॉनिटर बहुधा व्हीए असतात. ज्याचे काम सरळ रेषांचे आहे त्याने वक्र पडदा टाळावा; कॅडमधली रेघ वाकडी आहे की पडदा, असा संशय दिवसभर छळतो.

ओलेडचा काळा रंग खरोखर काळा आणि बदलाचा वेग इतरांच्या कित्येक पट. खेळ आणि चित्रपटांसाठी त्याला तोड नाही. तरी कार्यालयीन कामाला तो सरसकट सुचवणे योग्य नव्हे. टॅलीची चौकट किंवा टास्कबार रोज आठ-दहा तास एकाच जागी राहिला तर त्याची कायमची सावली उमटण्याचा धोका असतो. अनेक ओलेड पॅनेलांत उपपिक्सेलची (पिक्सेलमधल्या लाल, हिरव्या, निळ्या भागांची) मांडणी नेहमीसारखी नसल्याने अक्षराच्या कडेला रंगाची झालर दिसते. क्यूडी-ओलेड प्रकारात खोलीत उजेड असेल तर काळा रंग करडा वाटतो. पावसाळा सोडला तर नाशिकला लख्ख ऊन असते आणि नव्या फ्लॅटांना मोठ्या काचेच्या खिडक्या. तिथे हा मुद्दा किरकोळ नाही. पडदा कोणताही असो, खिडकी त्याच्या समोर वा मागे न येता बाजूला यावी.

चपळाई

या नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. पहिली ताजेपणाची गती, म्हणजे सेकंदाला किती वेळा नवे चित्र येते तो हर्ट्‌झमधला आकडा : ६० हर्ट्‌झचा पडदा दर १६.७ मिलिसेकंदांनी नवे चित्र दाखवतो, १२० चा ८.३ आणि १४४ चा ६.९ मिलिसेकंदांनी. सेकंदाला ९६० पिक्सेल वेगाने सरकणारी वस्तू ६० हर्ट्‌झवर, पिक्सेल कितीही चपळ असला तरी, सुमारे १६ पिक्सेल पुसट दिसते; १२० वर ८ पिक्सेल. म्हणून लांबलचक एक्सेल किंवा मोठे रेखाटन सरकवणाऱ्यालाही फरक कळतो. ही सोय फक्त गेमवाल्यांची, हा समज चुकीचा आहे.

दुसरी, पिक्सेलचा प्रतिसाद-काळ, म्हणजे एका छटेतून दुसरीत जायला त्याला लागणारा वेळ. खोक्यावरचा ‘१ मि.से.’ हा बहुधा सर्वांत आक्रमक ओव्हरड्राइव्हवर (पिक्सेलला जोर देऊन लवकर बदलायला लावणाऱ्या सोयीवर) मिळवलेला आकडा असतो. त्या स्थितीत पिक्सेल अपेक्षित छटा ओलांडून पुढे जातो आणि वस्तूमागे उजळ सावली उमटते. मेनूतली मधली पायरी जवळजवळ नेहमीच बरी असते. टेस्टयूएफओ या संकेतस्थळावरची सरकती आकृती लावून पायऱ्या बदलल्या, तर कोणती ठेवायची ते दोन मिनिटांत समजते. तिसरी गोष्ट इनपुट लॅग, म्हणजे माउस हलवल्यावर पडद्याने घेतलेला वेळ. तो खोक्यावर बहुधा नसतोच आणि प्रतिसाद-काळाशी त्याचा संबंधही नाही.

यातूनच टीव्हीचा प्रश्न येतो. ४३ इंची फोर के टीव्ही त्याच मापाच्या मॉनिटरपेक्षा स्वस्त मिळतो. पण टीव्ही चित्रावर स्वतःची प्रक्रिया करतो आणि ती प्रक्रिया कमी करणारा गेम मोड बंद असेल तर विलंब हाताला जाणवण्याइतका वाढतो. काही टीव्ही रंगमाहिती निम्मी किंवा पाव करून दाखवतात, त्यामुळे निळ्यावर लाल अक्षर फुटते. काहींवर संगणकाच्या जोडणीला ‘पीसी’ असे नाव दिल्यावरच पूर्ण माहिती मिळते. दुकानदाराने ही मांडणी प्रत्यक्ष करून दाखवली, तरच टीव्हीचा विचार करावा.

जोडणी

माउस जड चालण्याचे खरे कारण बहुतेक वेळा मॉनिटरात नसते, वायरीच्या दुसऱ्या टोकाला असते. फोर के चित्र ६० हर्ट्‌झने पाठवायला सेकंदाला सुमारे १२ गिगाबिट लागतात. एचडीएमआय या जोडणीची जुनी १.४ आवृत्ती तेवढे वाहून नेत नाही आणि ३० हर्ट्‌झवर थांबते. जुने लॅपटॉप आणि स्वस्त यूएसबी-सी हब इथेच अडकतात आणि दोष नव्या पडद्यावर येतो. एचडीएमआय २.० ६० हर्ट्‌झला पुरते. १४४ हर्ट्‌झला २८ गिगाबिटांहून अधिक लागत असल्याने डिस्प्लेपोर्ट या दुसऱ्या जोडणीच्या १.४ आवृत्तीलाही माहिती आवळून पाठवणाऱ्या डीएससी या संक्षेपनाचा आधार घ्यावा लागतो. त्याने चित्रात नजरेला फरक पडत नाही. एचडीएमआय २.१ ची कमाल क्षमता ४८ गिगाबिट आहे, पण २.१ एवढाच आकडा पाहून भागत नाही, कारण पूर्ण क्षमता देणे उत्पादकावर बंधनकारक नाही. ‘फोर के १२० हर्ट्‌झ’ असे स्पष्ट लिहिले आहे का ते पाहावे आणि वायर ‘अल्ट्रा हाय स्पीड’ खुणेची घ्यावी. सर्व जोडून झाल्यावर विंडोजच्या सेटिंगमध्ये गती हाताने निवडावी लागते. १४४ हर्ट्‌झचा मॉनिटर महिनोन्‌महिने ६० वर चालवणारे अनेक आहेत.

ग्राफिक्स कार्डाचाही हिशेब आहे. फोर के पडद्यावर सुमारे ८३ लाख पिक्सेल असतात, १९२०×१०८० च्या चौपट. कागदपत्रांना संगणकातले साधे ग्राफिक्सही पुरते. नवे गेम मात्र त्या भाराखाली दमतात. अशा वेळी २७ इंची २५६०×१४४० आणि बदलत्या गतीशी जुळवून घेणारे अ‍ॅडॅप्टिव्ह-सिंक हा जास्त सुखाचा मार्ग.

नाशिकमधील खरेदी

शहरातल्या दुकानांत २२ ते २७ इंची मॉनिटर सहज पाहायला मिळतात. त्यापुढचे बरेचदा मागवून घ्यावे लागतात. म्हणून पंचवटी एक्सप्रेसने दादरला उतरून ग्रँट रोडजवळचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे संगणक-सामानाचा बाजार, गाठणारे अजूनही आहेत. तिथे निवड मोठी, पण ३२ इंची खोके लोकलच्या गर्दीतून आणणे जोखमीचे; पॅनेल उभेच न्यावे, आडवे टाकून त्यावर सामान ठेवू नये. किमतीतले थोडे अंतर सोडूनही गावातल्या दुकानदाराकडून मागवणे पुष्कळदा शहाणपणाचे ठरते. त्याआधी त्या ब्रँडचे सेवाकेंद्र नाशिकमध्ये आहे का, की बिघाड झाल्यास संच मुंबई-पुण्याला पाठवावा लागेल, हे विचारून घ्यावे. १ जानेवारी २०१९ पासून ३२ इंचांपर्यंतच्या मॉनिटरला १८ टक्के आणि त्यापुढे २८ टक्के जीएसटी होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून सर्वच आकारांना १८ टक्के आहे, त्यामुळे जुन्या दराने लिहिलेले कोटेशन नव्याने करून घ्यावे.

पडदा ताब्यात घेताना काळा, पांढरा, लाल, हिरवा आणि निळा असे एकरंगी चित्र लावून मृत पिक्सेल शोधावेत. वॉरंटीत किती सदोष पिक्सेल चालवून घेतले जातात ते उत्पादकाप्रमाणे बदलते आणि एखाद-दुसऱ्या ठिपक्यासाठी संच बदलून मिळेलच असे नाही. खोके व थर्मोकोल वॉरंटी संपेपर्यंत माळ्यावर ठेवावे, कारण दुरुस्तीला पाठवताना ३२ इंची काच दुसऱ्या कशातच सुरक्षित बसत नाही.