जेरी ब्राउन यांचे संतुलित अंदाजपत्रक (कॅलिफोर्निया, २०११)

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याचे गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी १० जानेवारी २०११ रोजी, शपथविधीनंतर आठवड्याभरातच मांडलेला २०११–१२ या वित्तीय वर्षाचा अंदाजपत्रकी प्रस्ताव व त्यावर उमटलेल्या प्रतिक्रिया. ब्राउन पदावर नवे असले, तरी कामाला नवखे नव्हते. १९७५ ते १९८३ या काळात ते याच राज्याचे गव्हर्नर होते व १९९९ ते २००७ या काळात ओकलंड शहराचे महापौर. महापौरपदाचा हा अनुभव पुढील विवेचनात महत्त्वाचा ठरतो. अमेरिकेतील राज्याचा गव्हर्नर हा लोकांनी निवडलेला कार्यकारी प्रमुख असतो. भारतात संविधानाच्या अनुच्छेद २०२ प्रमाणे वार्षिक वित्तीय विवरणपत्र राज्यपालांच्या नावे विधिमंडळापुढे ठेवले जाते, पण ते ठरवते मंत्रिमंडळ. म्हणून येथे ‘राज्यपाल’ ऐवजी ‘गव्हर्नर’ हाच शब्द योजला आहे.

‘संतुलित’ या अटीचा उगम : व्हरमाँट वगळता अमेरिकेतील बहुतेक सर्व राज्यांत या ना त्या स्वरूपात अंदाजपत्रक संतुलित ठेवण्याचे बंधन आहे. त्याचा उगम कोठे शोधावा, याविषयी एकमत नाही. एक मत असे, की १८४० च्या दशकाच्या आरंभी कालवे, लोहमार्ग व बँका यांसाठी काढलेली कर्जे इंडियाना, इलिनॉय, मिशिगन, पेनसिल्व्हेनिया, मेरीलँड आदी राज्यांना वेळेवर फेडता आली नाहीत आणि त्या अनुभवातून राज्यघटनांत कर्जमर्यादा आल्या. कॅलिफोर्नियाच्या १८४९ च्या राज्यघटनेतील मतदारांच्या संमतीविना ३ लाख डॉलरपलीकडे कर्ज न काढण्याचे कलम याच मालिकेत बसते. ही घटना घडवताना आयोवा व न्यूयॉर्क यांच्या १८४६ च्या घटनांचा बराच आधार घेतला गेला. दुसऱ्या मतानुसार कर्जमर्यादा ही वेगळी गोष्ट असून वार्षिक जमाखर्चाची तोंडमिळवणी करण्याची कल्पना विसाव्या शतकातील कार्यकारी अंदाजपत्रकाच्या (अंदाजपत्रक कार्यकारी प्रमुखाने तयार करून मांडावे, या मताच्या) चळवळीतून आली. मेरीलँडची १९१६ ची घटनादुरुस्ती हा तिचा ठळक आरंभ. कॅलिफोर्नियापुरते तरी दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. १९२२ च्या घटनादुरुस्तीने अंदाजपत्रक मांडण्याची जबाबदारी तेथे गव्हर्नरवर आली आणि सुचवलेला खर्च अंदाजित महसुलापेक्षा अधिक असल्यास जादा महसूल कोठून आणायचा, हेही त्यानेच सांगावे, असे ठरले. १८४९ च्या कलमात असे काही नव्हते.

या तरतुदीने प्रस्तावावर बंधन घातले, मंजुरीवर नाही. ती उणीव मार्च २००४ मध्ये मतदारांनी संमत केलेल्या प्रपोझिशन ५८ ने (प्रपोझिशन म्हणजे थेट मतदारांच्या कौलासाठी ठेवलेला प्रस्ताव) अंशतः भरून काढली. तिच्यानुसार सर्वसाधारण निधीतून त्या वर्षाच्या अंदाजित महसुलापेक्षा अधिक विनियोजन करणारे विधेयक विधिमंडळाने पाठवू नये व गव्हर्नरने त्यावर सही करू नये. मात्र महसुलाचा हा अंदाज विधेयक मंजूर होण्याच्या दिवसाचा. वर्ष संपताना जमा व खर्च जुळलेच पाहिजेत, असे घटनेत कोठेही म्हटलेले नाही. २०११ मधील वादाचे मूळ बव्हंशी या एका बारकाव्यात आहे. अंदाज फुगवला, देणी पुढच्या वर्षात ढकलली किंवा एकदाच मिळणारी रक्कम नियमित जमेत धरली, तरी कागदावर ताळेबंद जुळतो. आधीच्या दशकात हे तिन्ही प्रकार घडले होते. जून २०१० चे पगार एका दिवसाने जुलैत ढकलून ते १ जुलैला सुरू होणाऱ्या पुढील वित्तीय वर्षाच्या खाती टाकण्याची तजवीज हे त्याचे बोलके उदाहरण. जुलै २००९ मध्ये रोख संपल्यामुळे राज्याला घेणेकऱ्यांना पैशांऐवजी वचनचिठ्ठ्या द्याव्या लागल्या होत्या.

बहुमताचे गणित : १९३३ च्या दुरुस्तीने खर्चात ठराविक वाढ झाल्यास अंदाजपत्रकाला दोन-तृतीयांश मते आवश्यक केली. १९६२ मध्ये ही अट सर्वच अंदाजपत्रकांना लागू झाली. करवाढीसाठी दोन-तृतीयांशाची अट १९७८ च्या प्रपोझिशन १३ ने घातली. नोव्हेंबर २०१० मध्ये प्रपोझिशन २५ संमत होऊन अंदाजपत्रक साध्या बहुमताने मंजूर करण्याची सोय झाली, तसेच १५ जूनची मुदत चुकल्यास उशीर झालेल्या दिवसांचे सदस्यांचे वेतन कायमचे बुडावे, अशी तरतूद आली. करांची अट मात्र तशीच राहिली. ४० सदस्यांच्या सेनेटमध्ये ब्राउन यांच्या डेमोक्रॅटिक पक्षाचे २५ व ८० सदस्यांच्या असेंब्लीत ५२ सदस्य होते. म्हणजे कर वाढवायचा अथवा त्यासाठी घटनादुरुस्ती मतदारांपुढे न्यायची, तर प्रत्येक सभागृहात रिपब्लिकन पक्षाची किमान दोन मते हवी होती.

प्रस्ताव : तूट २,५४० कोटी डॉलर धरली होती. तीपैकी ८२० कोटी चालू वर्षाची व १,७२० कोटी पुढील वर्षाची. ती भरून १०० कोटींची राखीव शिल्लक ठेवण्यासाठी १,२५० कोटींची खर्चकपात, १,२०० कोटींचा महसूल व १९० कोटींचे अन्य उपाय सुचवले होते. महसुलाचा मोठा भाग २००९ मध्ये तात्पुरत्या वाढवलेल्या विक्रीकर, आयकर व वाहन परवाना शुल्काला पाच वर्षांची मुदतवाढ देऊन यायचा होता. मतदारांच्या संमतीविना कर वाढवणार नाही, असे ब्राउन यांनी प्रचारात सांगितले होते. म्हणून जूनमध्ये विशेष मतदान घेण्याचे योजले होते. कपातीत गरिबांच्या मेडी-कॅल या आरोग्य योजनेतील १७० कोटी, कुटुंबसाहाय्याच्या कॅलवर्क्स योजनेतील १५० कोटी, कॅलिफोर्निया विद्यापीठ व कॅलिफोर्निया राज्य विद्यापीठ यांचे प्रत्येकी ५० कोटी अशा रकमा होत्या. शालेय शिक्षण शक्यतो वगळले होते, पण मुदतवाढ मिळेल हे गृहीत धरून. प्रस्ताव कागदावर संतुलित होता. त्या संतुलनाचा जवळजवळ अर्धा भार मात्र अजून न झालेल्या मतदानावर होता.

प्रतिक्रिया : विधिमंडळाचे वित्तीय विश्लेषक मॅक टेलर यांच्या कार्यालयाने अंदाज एकंदरीत वाजवी असल्याचे व प्रस्ताव गांभीर्याने विचारात घेण्याजोगे असल्याचे मत दिले. हे कार्यालय पक्षनिरपेक्ष असल्याने त्या मताला वजन होते. डेमोक्रॅटिक नेते, सेनेटमधील डॅरेल स्टाइनबर्ग व असेंब्लीचे सभापती जॉन पेरेझ, यांनी आराखडा मान्य केला, पण समाजकल्याणातील कपात त्यांच्या पक्षाला जड गेली. रिपब्लिकन सदस्यांपैकी बहुतेकांनी करवाढ न करण्याच्या प्रतिज्ञापत्रावर सही केलेली होती. प्रश्न मतदारांपुढे नेण्यास संमती देणे म्हणजे प्रतिज्ञाभंग होतो काय, यावर बराच खल झाला. प्रतिज्ञापत्राचे प्रवर्तक ग्रोव्हर नॉरक्विस्ट यांच्या मते तो होत होता. टॉम बेरीहिल, सॅम ब्लेकस्ली, अँथनी कॅनेला, बिल एमर्सन व टॉम हार्मन या पाच रिपब्लिकन सेनेटरांनी वाटाघाटी केल्या. निवृत्तिवेतनातील सुधारणा, खर्चावर मर्यादा व नियमनात सवलत या त्यांच्या मुख्य मागण्या होत्या. २९ मार्च रोजी ब्राउन यांनी बोलणी थांबवल्याचे जाहीर केले. तत्पूर्वी २४ मार्चला सुमारे १,१०० कोटी डॉलरची तूट भरून काढणाऱ्या विधेयकांवर सही झाली होती. गरिबांच्या सेवांवरील कपात अशा रीतीने पक्की झाली, तर तिची जोडीदार असलेली करांची बाजू लोंबकळत राहिली. प्रस्तावाच्या न्याय्यतेचे मोजमाप करताना हा क्रम ध्यानात घेणे अगत्याचे आहे.

सर्वांत संघटित विरोध शहरांकडून झाला. प्रस्तावात राज्यातील सुमारे ४०० पुनर्विकास संस्था (शहरांतील मोडकळीस आलेल्या भागांचा विकास करणाऱ्या स्थानिक संस्था) बंद करण्याचे कलम होते व त्यातून पहिल्या वर्षी १७० कोटी डॉलर अपेक्षित होते. या संस्था १९४५ च्या कायद्याने अस्तित्वात आल्या. त्यांचे बळ मात्र १९५२ मध्ये मान्य झालेल्या वाढीव करावरील वित्तपुरवठ्यात होते. एखादा भाग ‘अवनत’ घोषित झाला, की तेथील मालमत्ता कराची त्या वर्षीची रक्कम शाळा, जिल्हा व शहर यांना पूर्ववत मिळे. पुढील सर्व वाढ पुनर्विकास संस्थेकडे जाई. संस्थेचा दावा असा, की ही वाढ तिच्याच कामामुळे झाली. विरोधकांचा असा, की बरीचशी वाढ तशीही झाली असती आणि शाळांची खोट राज्याला भरून द्यावी लागते. वित्तीय विश्लेषक कार्यालयाचा कल दुसऱ्या बाजूकडे होता. राज्यातील मालमत्ता कराचा सुमारे १२ टक्के भाग अशा रीतीने वळत होता. ओकलंडचे महापौर असताना ब्राउन यांनी स्वतः या संस्थेचा आधार घेतला होता. त्यामुळे मोठ्या शहरांच्या महापौरांना हे कलम विशेष जिव्हारी लागले. परवडणाऱ्या घरांसाठी राखून ठेवला जाणारा या निधीचा पाचवा हिस्साही जाणार होता. ही हानी त्या वेळच्या चर्चेत पुरेशी मांडली गेली नाही. कॅलिफोर्निया सर्वोच्च न्यायालयाने २९ डिसेंबर २०११ रोजी संस्था बरखास्त करणारा कायदा वैध ठरवला व पैसे भरून त्या चालू ठेवण्याची मुभा देणारा जोडकायदा रद्द केला. १ फेब्रुवारी २०१२ रोजी संस्था संपुष्टात आल्या.

शिक्षक संघटनांनी मे महिन्यात सॅक्रामेंटो येथे आठवडाभर निदर्शने केली. त्याच महिन्यात ७० राज्य उद्यानांची बंद करावयाची यादी प्रसिद्ध झाली.

शेवट : मे महिन्याच्या फेरअंदाजात दोन वर्षांचा मिळून ६६० कोटी डॉलर अधिक महसूल दिसला. करांची निकड त्यामुळे राजकीयदृष्ट्या कमी झाली. १५ जूनला विधिमंडळाने साध्या बहुमताने अंदाजपत्रक संमत केले. ब्राउन यांनी दुसऱ्याच दिवशी ते नाकारले. कायदेशीरदृष्ट्या शंकास्पद युक्त्या, खर्चिक कर्जे व अवास्तव बचत ही त्यांची कारणे. राज्याच्या इतिहासात संपूर्ण अंदाजपत्रकावर नकाराधिकार वापरण्याचा हा पहिलाच प्रसंग मानला जातो, आणि तोही स्वपक्षाच्या विधिमंडळाविरुद्ध. राज्याची देयके चुकती करणारे राज्य नियंत्रक जॉन चियांग यांनी २१ जूनला हे अंदाजपत्रक १८५ कोटी डॉलरने असंतुलित असल्याचे ठरवून सदस्यांचे वेतन रोखले. ३० जूनला सही झालेल्या अंतिम अंदाजपत्रकात करांची मुदतवाढ नव्हती. तिच्याऐवजी ४०० कोटी डॉलरचा वाढीव महसूल गृहीत धरला होता व तो न आल्यास आपोआप लागू होणारी कपात जोडली होती. तो पूर्णांशाने आला नाही. डिसेंबरमध्ये सुमारे १०० कोटींची कपात लागू झाली. दोन्ही विद्यापीठांचे आणखी प्रत्येकी १० कोटी गेले व शालेय बससेवेच्या निधीलाही कात्री लागली. करांचा प्रश्न मतदारांपुढे गेला तो ६ नोव्हेंबर २०१२ रोजी, प्रपोझिशन ३० च्या रूपाने, सह्या गोळा करून, विधिमंडळाला वगळून. ५५ टक्क्यांहून अधिक मतदारांनी तो संमत केला.

अंदाजपत्रक संतुलित आहे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा, या प्रश्नावर स्टाइनबर्ग व पेरेझ न्यायालयात गेले होते. २०१४ मध्ये अपील न्यायालयाने निर्णय दिला, की महसुलाचा अंदाज करणे विधिमंडळाचे काम आहे व त्याची फेरतपासणी करून वेतन रोखण्याचा अधिकार नियंत्रकाला नाही.