घासावं की राहू द्यावं?

जुनी चांदीची डबी कपाटातून निघाली की घरातलं कुणीतरी लगेच पावडर आणि फडकं शोधायला लागतं. काळेपणा म्हणजे मळ, हा समज पक्का. पण हवेत नगण्य प्रमाणात असलेला हायड्रोजन सल्फाइड वायू चांदीशी संयोग पावतो आणि सिल्व्हर सल्फाइडचा काळा थर बसतो. म्हणजे त्या काळ्या थरात डबीचीच चांदी अडकलेली असते. थर घासून काढला की ती फडक्यावर जाते, शिवाय पावडरीचे कण खालची चांगली चांदीही थोडी खरवडतात. एकदा घासल्याने काही कळत नाही. पण दर वर्षी कुणी ना कुणी घासत राहिलं की कोरलेलं नाव पुसट होतं, आणि वस्तू नुसती चांदीच्या मुलाम्याची असेल तर खालचं पितळ डोकावू लागतं.

दुसरा मार्ग रसायनशास्त्राचा. भांड्यात अ‍ॅल्युमिनियमची फॉइल पसरायची, तिला टेकून वस्तू ठेवायची आणि खायचा सोडा घातलेलं गरम पाणी ओतायचं. अ‍ॅल्युमिनियम चांदीपेक्षा कितीतरी जास्त क्रियाशील. सोडा त्याच्यावरचा ऑक्साइडचा पापुद्रा सोडवतो, मग ते इलेक्ट्रॉन देऊ लागतं आणि सल्फाइडमधली चांदी पुन्हा धातुरूपात येते. गंधक सुटतं, म्हणून किंचित सडक्या अंड्यासारखा वास येतो. घासण्याची झीज यात टळते. पण परत आलेली चांदी सच्छिद्र असते, तिला पहिली झळाळी नसते आणि ती लवकर काळी पडते. नक्षीच्या खाचांतला काळेपणाही निघून जातो, आणि त्याच्यामुळेच तर नक्षी उठून दिसत होती! मोती, खडे किंवा लाख असलेली वस्तू मात्र अशी बुडवूच नये.

झाकणाची कड बोटांनी गुळगुळीत झाली असेल तर ती भरून घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. काळेपणा हवेने आणला. ती झीज डबी वापरणाऱ्या माणसाची आहे.

लाकडी वस्तूंत प्रश्न येतो तो चिकटवण्याचा. जुन्या खुर्च्या-पेट्यांचे सांधे बहुधा सरसाने जोडलेले असतात. सरस म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांतल्या कोलॅजेनपासून केलेला डिंक. ऊब आणि ओलावा मिळाला की तो मऊ होतो, सांधा सुटतो, साफ करून पुन्हा जोडता येतो. आजचं इपॉक्सी याच्या अगदी उलट. त्याचे रेणू एकमेकांत कायमचे गुंफले जातात, कुठल्याही साध्या द्रावकात ते विरघळत नाही. अनेकदा सांधा लाकडापेक्षाही बळकट होतो, आणि पुढच्या वेळी सांधा सुटण्याऐवजी लाकूडच फाटतं. म्हणून संग्रहालयांत फुटलेली चिनी माती किंवा काच जोडायला पॅरालॉइड बी-७२ नावाचं अ‍ॅक्रिलिक रेझिन वापरतात. ते अ‍ॅसिटोनमध्ये विरघळतं, त्यामुळे आजची जोडणी चुकली तरी उद्या कुणी ती सोडवू शकतं.

फाटक्या पत्रांनाही हाच नियम. चिकटपट्टीचा डिंक काही वर्षांत पिवळा पडून कागदात मुरतो, लॅमिनेशन तर काढताच येत नाही. गव्हाच्या स्टार्चची खळ आणि पातळ जपानी कागद यांनी जोडलेली फाट पाण्याने सोडवता येते.

अंधारात चमकणारे आकडे असलेलं जुनं घड्याळ मात्र वेगळंच प्रकरण. १९६० च्या दशकापर्यंत अशा काही घड्याळांत रेडियममिश्रित रंग वापरत. त्यातलं प्रत्यक्ष चमकणारं झिंक सल्फाइड काही दशकांत निकामी होतं आणि चमक जाते. पण रेडियम-२२६ चं अर्धायुष्य, म्हणजे ते निम्मं उरायला लागणारा काळ, सुमारे १६०० वर्षांचं, त्यामुळे किरणोत्सार जवळपास तसाच राहतो. काच लावलेली असेपर्यंत मोठी चिंता नाही. धोका आहे तो सुटलेल्या रंगाची भुकटी श्वासातून किंवा तोंडातून शरीरात जाण्याचा. असं घड्याळ घरी उघडू नये, आणि दुरुस्तीला देताना तबकडीवर रेडियम असू शकतं हे आधी सांगावं.