नाचणी की शेवग्याचा पाला? कॅल्शियम नक्की कशात जास्त

दुकानात आणि व्हॉट्सअ‍ॅपवर सगळ्यात जास्त विचारलं जाणारं हेच, म्हणून एकदा नीट लिहून देतोय. आम्ही नाचणीचं पीठ पण विकतो आणि पाल्याची पावडर पण, त्यामुळे एकाचीच बाजू घ्यायचं कारण नाही.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यात १०० ग्रॅम नाचणीत कॅल्शियम ३६४ मिलिग्रॅम आणि तेवढ्याच ताज्या पाल्यात ३१४, लोह दोन्हीत साडेचारच्या आसपास. (गव्हाच्या पिठात कॅल्शियम जेमतेम ३०, तांदळात तर ७-८.) वाचून वाटतं बरोबरी झाली, पण पाल्यात पाऊण भाग पाणीच असतं आणि नाचणी कोरडी, म्हणून १०० ग्रॅम नाचणीबरोबर ३२० कॅलरी पोटात जातात, पाल्याच्या फक्त ६७. ज्यांना वजन कमी करायचंय त्यांनी कॅल्शियमसाठी भाकऱ्या वाढवण्यापेक्षा भाजी वाढवावी. वाढत्या पोरांना आणि दिवसभर राबणाऱ्यांना मात्र नुसत्या पाल्याने काय होणार, त्यांना भाकरी पाहिजेच.

पाल्याकडे अजून एक गोष्ट आहे, व्हिटॅमिन सी. १०० ग्रॅम ताज्या पाल्यात १०० मिलिग्रॅमच्या वर, नाचणीत नाहीच म्हणा ना. शिजवताना यातलं बरंच जातं, पण जे उरतं ते धान्यातलं लोह अंगी लागायला मदत करतं, म्हणून दोन्ही एकाच ताटात हवं, वर लिंबू पिळलंत तर उत्तमच, आणि जेवल्या जेवल्या चहा नको, त्याने लोह अडतं. कोकणात गोकुळाष्टमीला शेगलाची, म्हणजे शेवग्याच्या पाल्याचीच भाजी, आंबोळी आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं असतंच की! तीच भाजी नाचणीच्या भाकरीबरोबर खाऊन बघा, लसूण-मिरचीची फोडणी आणि वर ओलं खोबरं, पाल्यातलं कॅरोटीन (ज्यापासून अंगात व्हिटॅमिन ए बनतं) शोषायला थोडं तेल-खोबरं लागतंच.

आता नाचणीची एक अडचण. तिच्यात फायटेट असतं, ते कॅल्शियम आणि लोह धरून ठेवतं, त्यामुळे तक्त्यातला सगळा आकडा काही अंगी लागत नाही. मोड आणले की फायटेट कमी होतं. रात्रभर भिजवायची, सकाळी निथळून ओल्या फडक्यात घट्ट बांधायची, दुसऱ्या दिवशी पांढरे बारीक मोड दिसले की सावलीत वाळवून मंद भाजायची आणि दळायची. आमचं सत्त्वाचं पीठ असंच होतं, पण वेळ असेल तर घरीच करा, अवघड काहीच नाही.

पावडरबद्दल स्पष्ट सांगतो. एक चमचा, म्हणजे साधारण ५ ग्रॅम पावडर ही जेमतेम २० ग्रॅम ताज्या पाल्याएवढी, त्यातून कॅल्शियम ६० मिलिग्रॅमच्या आसपास, आणि मोठ्या माणसाला दिवसाला १००० लागतं. व्हिटॅमिन सी तर वाळवतानाच बरंचसं उडतं. दारात शेवगा असेल तर पावडर घेऊच नका, ताजा पाला खुडा. शहरात पाला मिळत नाही त्यांच्यासाठी पावडर ठीक, भाकरीच्या पिठात किंवा आमटीत घाला. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर पालेभाजी वाढवायच्या आधी डॉक्टरांना विचारा.

आणि कुठूनही घेतलीत तरी पावडरचा रंग बघा. सावलीत वाळवलेली हिरवीगार दिसते, पिवळट किंवा तपकिरी असेल तर उन्हात वाळवलेली नाहीतर जुनी, आमच्याकडची तशी निघाली तर सरळ परत आणा, बदलून देऊ.