‘सोनिक ३’चं बदललेलं संगीत नवं नाही

‘सोनिक ओरिजिन्स’ हा जुन्या सोनिक गेम्सचा संच जून २०२२ मध्ये आला. तेव्हापासून एक समज फिरतो आहे: हे गेम बनवणाऱ्या सेगा कंपनीने ‘सोनिक ३’मधलं मूळ संगीत काढलं आणि घाईघाईत नव्या चाली रचून तिथे बसवल्या.

आइस कॅप, कार्निव्हल नाइट आणि लाँच बेस या झोनचं, म्हणजे गेममधल्या टप्प्यांचं, संगीत बदललं, एवढं खरं. पण बदलून आलेल्या चाली जुन्या आहेत. १९९७ साली पीसीवर आलेल्या ‘सोनिक अँड नकल्स कलेक्शन’मध्ये त्याच होत्या. त्या पीसीसाठीच रचल्या असतील, असं म्हणायला तेव्हा जागा होती. २०१९ मध्ये तीही उरली नाही. ‘सोनिक ३’ची नोव्हेंबर १९९३ मधली अपूर्ण आवृत्ती उघड झाली आणि तिच्यात याच चाली मेगा ड्राइव्ह या सेगाच्या गेम कन्सोलच्या साउंड चिपवर वाजत होत्या! म्हणजे फेब्रुवारी १९९४ मध्ये गेम अमेरिकेत विक्रीला येण्याआधीच त्या तयार होत्या. विकल्या गेलेल्या गेममध्ये त्यांच्या जागी दुसऱ्या आल्या.

ओरिजिन्समधली या चालींची मांडणी मला फार बोथट वाटते, आणि ती टीका रास्तच आहे. नवेपणाचा आरोप मात्र चुकीचा. विकल्या गेलेल्या गेममधली आइस कॅपची सगळ्यांची लाडकी चाल तर या गेमसाठी जन्मलेलीही नाही. ती ‘सोनिक ३’चे एक संगीतकार ब्रॅड बक्सर यांच्या द जेटझन्स या बँडच्या ‘हार्ड टाइम्स’ या १९८०च्या दशकातल्या गाण्यातून आली.