एक्स-रेच्या दारातलं शिसं

नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेतल्या जुन्या बंगल्यांची हॉस्पिटलं होताना एक्स-रेच्या खोलीपाशी एक प्रश्न हमखास येतो : भिंत पुरेल का? जुनी नऊ इंची विटेची भिंत बरंच काही निभावते; थेट झोत पडतो ती भिंत त्याहून जाड लागते. अडतं ते दारापाशी. म्हणून प्लायवूडच्या आत शिशाचा पत्रा घालतात, आणि दार लोटताना हाताला वजन जाणवतं. शिसं काहीही अडवतं हा समज अशा दारांनीच पसरवला असावा.

8 नोव्हेंबर 1895 ला जर्मनीतल्या वुर्झबर्गमध्ये विल्हेल्म राँटगेनला हे किरण सापडले. पुढचे काही आठवडे तो हाताला लागेल ती वस्तू त्यांच्या वाटेत धरून बघत होता. हजारेक पानांचं बांधीव पुस्तक, पत्त्यांचे दोन कॅट : किरण आरपार. 15 मिमी ॲल्युमिनियम : मंदावले, पण थांबले नाहीत. दीड मिमी शिसं : जवळपास संपले. म्हणजे किरणांची बातमी आणि त्यांचा आडोसा जगाला एकाच निबंधातून मिळाला. आडोसा मात्र कुणी मनावर घेतला नाही. एडिसनचा सहायक क्लॅरेन्स डॅली एक्स-रेची नळी तपासायला स्वतःचाच हात पुढे धरायचा. हात कापावे लागले, आणि 1904 मध्ये तो गेला.

शिसं जड आहे म्हणून अडवतं, हे अर्धंच खरं. त्याचा अणुक्रमांक 82. तपासणीतला एक्स-रे अणूतल्या इलेक्ट्रॉनला आपली सगळी ऊर्जा देऊन संपतो, आणि तसं होण्याची शक्यता अणुक्रमांकाच्या साधारण घनाच्या पटीत वाढते. म्हणून अर्ध्या मिलिमीटरचा लेड एप्रन तिथे उत्तम काम देतो. तोच एप्रन किरणोत्सर्गी कोबाल्ट-60 च्या कितीतरी जास्त ऊर्जेच्या गॅमा किरणांपुढे धरला तर शंभरातले जेमतेम तीन अडतात. नुसते निम्मे करायला 12 मिमी शिसं लागतं. कॅन्सरच्या रेडिएशन खोल्यांना मीटरहून जाड काँक्रीट असतं ते त्यामुळे.

न्यूट्रॉनच्या, म्हणजे अणुगर्भातल्या विद्युतभार नसलेल्या कणांच्या बाबतीत तर शिशाचा रुबाबच उतरतो. 1934 च्या ऑक्टोबरात रोममध्ये भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मी न्यूट्रॉनच्या वाटेत शिशाचा तुकडा ठेवणार होता. ऐनवेळी त्याने मेण ठेवलं, आणि न्यूट्रॉन कमालीचे मंद झाले. कॅरमची सोंगटी फ्रेमवर आपटली की परत फिरते, पण दुसऱ्या सोंगटीला नेमकी सरळ बसली तर जागीच थांबते. शिशाचा अणुगर्भ न्यूट्रॉनपुढे फ्रेमसारखा. मेणातला, पाण्यातला हायड्रोजन जवळपास न्यूट्रॉनच्याच वजनाचा. अणुभट्टीभोवती पाणी आणि काँक्रीट दिसतं, त्यामागे हेही एक कारण आहे.

आपल्या मे महिन्याच्या उन्हाला यातलं काहीच लागत नाही. गच्चीवर चुन्याचा पांढरा हात मारला की बरंचसं ऊन परत जातं. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय 1957 पासून नागपुरात आहे; तिथे शिकवल्या जाणाऱ्या पेशात भडकत्या आगीजवळ जायचा चंदेरी पोशाख असतो, त्यावरचा ॲल्युमिनियमचा पातळ थरही आगीची झळ अशीच परतवतो. राँटगेनच्या प्रयोगात 15 मिमी असूनही कमी पडलेला हा तोच धातू! मोबाइलच्या लहरींचं आणखी उलटं. त्या विटेतून बऱ्यापैकी आत येतात, पण सगळीकडून नीट गुंडाळली तर स्वयंपाकघरातली फॉइलही त्यांना पुरते. सलग धातूच्या पिंजऱ्याचा हा गुण मायकेल फॅराडेने 1836 मध्येच दाखवला होता.

भारतात अणुऊर्जा नियामक मंडळ 1983 मध्ये स्थापन झालं. एक्स-रेच्या खोलीची मांडणी त्याच्या नियमांत बसवावी लागते. पण वॉर्डात पोर्टेबल मशीन आणलं की शिशाचं दारही नाही आणि जाड भिंतही नाही. तिथे टेक्निशियन एप्रन घालून बटणाची लांब वायर पूर्ण ताणतो आणि मागे सरकतो. अंतर दुप्पट झालं की किरणांचा मारा चौथाईवर येतो.