शवपेटी पाव : आधी नाव की आधी कोटी?

गोष्ट ठरलेली आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तैवानमधल्या ताइनान शहरातल्या साकारिबा बाजारातला एक खानावळवाला जाड पाव तळायचा, पोखरायचा आणि त्यात चिकन कलेजीचा दाटसर रस्सा भरून वर पावाचंच झाकण ठेवायचा. उत्खननावरून आलेला एक प्राध्यापक जेवायला बसला, ‘आम्ही खणतोय ती दगडी शवपेटी अशीच दिसते’ म्हणाला, आणि मालकानं तेच नाव उचललं. तोवर पदार्थ ‘कलेजी फळी’ म्हणून विकला जायचा. म्हणजे फळी आधीपासून होतीच, कलेजीच्या जागी फक्त शवपेटी आली.

खरा घोळ पुढे आहे. मेल्या माणसाची पेटी कोण आवडीनं खाईल? यावर तयार उत्तर असं: मँडरिनमध्ये शवपेटी म्हणजे ‘ग्वानत्साय’. सरकारी हुद्द्याचा ‘ग्वान’ आणि धनाचा ‘त्साय’ वेगळ्या अक्षरांनी लिहितात, पण उच्चार तोच. बढती मिळो, पैसा येवो! लाकडाची चिमुकली शवपेटी भेट देतात तीही याच कोटीवर, त्यामुळे कोटी मनगढंत म्हणता येत नाही. पण ताइनानच्या बाजारात गिऱ्हाइकाच्या तोंडी असायची ती तैवानी होक्केन, म्हणजे मँडरिनहून वेगळी चिनी बोली. तिच्यात शवपेटी ‘क्वांछा’, तर धन ‘चाय’. जुळवायचं तर कान बराच ताणावा लागतो. माझ्या मते नाव दिसण्यावरून पडलं आणि शुभशकुन मागाहून चिकटला. पर्यटकांना मात्र नेमका तोच आधी सांगतात.

पाव आला कुठून, हे सहसा दोन ओळींत उरकतात. बेट भातखाऊ. पाव रुजला जपानी राजवटीत (१८९५–१९४५). तैवानीतला ‘फांग’ जपानी ‘पान’वरून आला आणि ‘पान’ पोर्तुगीजांकडून, म्हणजे आपल्या पावाचा चुलतभाऊच. साकारिबा हाही जपानी शब्द: गजबजलेली जागा. मैदा घरोघरी पोचला तो मात्र १९५१ ते १९६५ च्या अमेरिकी मदतीतून. तांदूळ निर्यात करून परकीय चलन मिळवायचं आणि लोकांना गव्हाकडे वळवायचं, असं सरकारी धोरण होतं. पिठाच्या रिकाम्या गोण्यांच्या चड्ड्या शिवल्या जायच्या. त्यावरचं हस्तांदोलनाचं चित्र आणि ‘चीन-अमेरिका सहकार्य’ (चीन म्हणजे इथे तैवानचं सरकार) ही अक्षरं पोरांच्या ढुंगणावर मिरवायची. रेशनवर पीएल-४८० चा, म्हणजे अमेरिकी मदतीचा, गहू खाल्लेल्या आपल्याकडच्या पिढीला यातलं बरंच ओळखीचं वाटेल.

कलेजी आता बहुतेक ठिकाणी मागे पडली आहे. दुधातल्या पांढऱ्या सॉसमध्ये कोळंबी, माकुल, चिकन, मटार, गाजर. रात्रबाजारात करी किंवा मिरी घातलेलं बीफही. आधी झाकण खायचं, मग रस्सा शोषून भिंती ढासळायच्या आत पेटी संपवायची. जुन्या साकारिबाचा मोठा भाग १९९० च्या दशकात गेला, तोही एका खोदकामातच: हाय-आन रस्त्याखाली भुयारी बाजारपेठ बांधायची होती.